वाघ, गिधाड आणि कुत्राचाव्याचे रजिस्टर

"सायेब, वाघ चावला तरबी हीच सुई घ्यावी लागती का?"

गेल्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत बाह्यरुग्ण विभागात एका शेतकऱ्याने मला हा प्रश्न विचारला आणि मागच्या रांगेत हशा पिकला. गडी येडशीच्या बाजूचा, वस्तीवर राहणारा. रात्री ज्वारीला पाणी द्यायला निघाला होता. वाघाच्या धास्तीने हातात काठी आणि बॅटरी, सारे लक्ष बांधाकडच्या झुडपात. तेवढ्यात वाटेतल्या कुत्र्याने मागून येऊन पोटरी धरली. जखम खोल होती, रक्त आलेले होते. मी म्हणालो, "हो बाबा, वाघ असो, कोल्हा असो की कुत्रा, रेबीजची लस घ्यावीच लागते. फक्त वाघाने चावलेला माणूस अजून माझ्यापुढे आला नाही. कुत्र्याने चावलेले मात्र तुझ्या मागे रांगेत उभे आहेत."

त्या दिवशी तो विषय तिथेच संपला. पण संध्याकाळी कुत्राचाव्याचे रजिस्टर चाळताना मनात आले की, आपण ज्या प्राण्याला भितो आणि जो प्राणी आपल्याला खरोखर दवाखान्यात आणतो, ते दोघे वेगळे आहेत. या दोघांच्या मधोमध एक तिसरा प्राणीही आहे, जो आता आपल्या आभाळात जवळजवळ दिसत नाही. या तिघांचा एकमेकांशी काय संबंध आहे, यावर गेल्या काही वर्षांत बरेच संशोधन झाले आहे. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला ते माहीत असावे, म्हणून हा लेख.

टिपेश्वरहून येडशीला

आधी वाघाची गोष्ट. २०२४ च्या डिसेंबरात येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात वन विभागाच्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. आपल्या भागात कित्येक दशकांत असे घडले नव्हते. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे वेगळे असतात. ते जुळवून पाहिल्यावर कळले की, हा सुमारे तीन वर्षांचा नर यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला आहे. टिपेश्वर ते येडशी हे अंतर साडेचारशे ते पाचशे किलोमीटर. लोकांनी त्याचे नाव 'रामलिंग' ठेवले. पुढे तो धाराशिव आणि शेजारच्या बार्शी तालुक्यात फिरत राहिला, जनावरे मारली, गावोगावी घबराट झाली. त्याला पकडून दुसरीकडे नेण्याचे ठरले, पथके आली, अनेक आठवडे माग काढला गेला, पण तो हाती लागला नाही.

एवढ्या लांब तो आला कशासाठी? वाट चुकून आला, असे अनेकांना वाटले. तसे नाही. नर बछडा साधारण दीड-दोन वर्षांचा झाला की आईचा प्रदेश सोडतो. तिथे थांबला तर एक तर दांडग्या नराशी झुंज होते, नाहीतर पुढे नात्यातच संकर होतो. म्हणून तरुण नर स्वतःचा मुलूख शोधायला बाहेर पडतो. आता टिपेश्वर अभयारण्य आहे जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे आणि आपले येडशी-रामलिंग त्याहून कितीतरी लहान, सुमारे २२ चौरस किलोमीटर. दुसरीकडे राज्यातले वाघ वाढले आहेत. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ४४४. ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण जंगल त्या प्रमाणात वाढलेले नाही. घरात माणसे वाढली आणि खोल्या तेवढ्याच राहिल्या की पोरे बाहेर पडतातच.

टिपेश्वरची पोरे याआधीही बाहेर पडली आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या एका तरुण नराला रेडिओ कॉलर लावली होती. त्या जूनमध्ये तो निघाला, महाराष्ट्र आणि तेलंगणातले जिल्हे पालथे घालत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पुढच्या काही महिन्यांत त्याच्या चालण्याची नोंद ३,००० किलोमीटरच्या पुढे गेली. त्याला 'वॉकर' हे नाव पडले. २०२१ मध्ये टिपेश्वरचाच एक वाघ छत्रपती संभाजीनगरकडच्या गौताळा अभयारण्यात दिसला. म्हणजे रामलिंग हा काही एकटा भरकटलेला जीव नव्हे. विदर्भातून मराठवाड्याकडे येणारी एक वाट आहे. ती आपल्या नकाशात नाही, त्यांना मात्र सापडली आहे.

तो दिवसा झोपतो, आपण रात्री रानात जातो

वॉकरच्या कॉलरमुळे एक महत्त्वाची गोष्ट कळली. तो दिवसा झुडपांत, ओढ्याकाठच्या झाडीत पडून राहायचा आणि रात्री चालायचा. शेतांमधून, कालव्यांच्या कडेने, रस्ते ओलांडून तो माणसांच्या वस्त्यांजवळून जात असे आणि बहुतेक वेळा माणसांना त्याचा पत्ताही लागत नसे.

हे फक्त वाघाचेच नाही. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. जगभरातल्या ७६ अभ्यासांतून ६२ प्रजातींच्या सस्तन प्राण्यांची माहिती त्यात एकत्र केली होती. निष्कर्ष असा की, माणसाचा वावर जिथे वाढतो तिथे प्राणी रात्रीचे जगू लागतात. शेती असो, शिकार असो की नुसते फिरायला येणारे लोक, प्राण्याला आपली चाहूल लागली की तो त्याचा दिवस रात्रीकडे ढकलतो. २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर अभयारण्यात पाणवठ्यांवर लपवलेल्या ध्वनिवर्धकांतून कधी सिंहाचे गुरगुरणे, तर कधी माणसांचे साधे बोलणे ऐकवले गेले. जवळजवळ सगळ्याच प्रजाती, म्हणजे सुमारे ९५ टक्के, सिंहापेक्षा माणसाच्या आवाजाला जास्त घाबरल्या. आपण त्यांना भितो, त्याहून जास्त ते आपल्याला भितात.

आता हे आपल्या शिवारात लावून पाहू. वाघ, रानडुक्कर, तरस, लांडगा, सगळे आपल्याला टाळण्यासाठी रात्र निवडतात. आणि आपला शेतकरी? त्याला पंपाची लाईट आठवड्यातून अनेकदा रात्री मिळते. म्हणून ज्वारी-हरभऱ्याला दारे धरायला तो नेमका त्याच वेळी रानात असतो. ज्या वेळी प्राण्यांनी माणूस नसेल म्हणून बाहेर पडायचे ठरवले, त्याच वेळी आपण माणसाला अंधारात, चिखलात, अनवाणी उभे करतो.

डॉक्टर म्हणून मला यात वाघापेक्षा साप जास्त दिसतो. घोणस आणि मण्यार हे प्रामुख्याने रात्री हिंडणारे साप. एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. वाघाची बातमी पहिल्या पानावर येते. मण्यार चावून पहाटे दगावलेला माणूस कुठेच छापून येत नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. लोक तिच्याकडे वीज खात्याचा विषय म्हणून पाहतात. माझ्या मते ती आरोग्याची योजना आहे.

पकडा आणि सोडा?

"वाघ पकडून लांब नेऊन सोडा" ही मागणी स्वाभाविक आहे. ज्याची गाय गेली त्याला शास्त्र सांगून समाधान होत नाही, आणि भरपाई वेळेवर हातात पडली नाही तर राग वाढतोच. तरी एक अनुभव सांगितला पाहिजे. तो आपल्याच राज्यातला, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरचा आहे आणि बिबट्यांबद्दल आहे. तिथे ऊस वाढला, उसात बिबटे वाढले. २००१ ते २००३ या काळात अनेक बिबटे पिंजऱ्यात पकडून आसपासच्या जंगलांत सोडण्यात आले. नंतर विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा उलटेच चित्र दिसले. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते सतरावर गेले, आणि ते अधिक जीवघेणेही ठरले.

कारण समजायला सोपे आहे. प्रत्येक बिबट्याला आपला परिसर ठाऊक असतो, कुठे लपायचे आणि कुठून जायचे हे माहीत असते. त्याला पिंजऱ्यात डांबून, बेशुद्ध करून अनोळखी मुलखात टाकले की तो बिथरतो. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या घेतो. बिबट्यावरून वाघाचे अनुमान तंतोतंत काढता येणार नाही, आणि माणसांच्या जिवावर उठलेला प्राणी पकडावाच लागतो, यातही दुमत नाही. पण पकडून सोडणे म्हणजे प्रश्न मिटणे नव्हे. आमच्याकडेही रुग्णाला नुसते दुसऱ्या दवाखान्यात पाठवल्याने आजार बरा होत नाही.

जटायूची जागा

रामलिंगच्या घाटात खाली उतरले की महादेवाचे देऊळ आहे, पावसाळ्यात धबधबा असतो, माकडांच्या टोळ्या असतात. सीतेला घेऊन जाणाऱ्या रावणाला जटायूने याच ठिकाणी अडवले आणि घायाळ होऊन तो इथेच पडला, अशी या भागात श्रद्धा आहे. आज त्या घाटात वाघ आला. पण ज्याच्या नावाने ती जागा सांगितली जाते, त्या गिधाडाचे काय?

माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेली जनावरे टाकण्याची जागा होती. बैल मेला की तासाभरात आभाळात ठिपके दिसायचे, मग गिधाडे उतरायची आणि बघता बघता हाडे उरायची. आम्ही पोरे लांबून दगड मारायचो. ती गिधाडे कधी दिसेनाशी झाली, हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

लक्षात आले ते शास्त्रज्ञांच्या. १९९० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांना राजस्थानातल्या भरतपूरला गिधाडे मरताना दिसली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारातले जेमतेम एक उरले. साथीचा रोग असेल, कीटकनाशक असेल, असे तर्क झाले. २००४ मध्ये कारण सापडले आणि आम्हा डॉक्टरांची मान खाली गेली. ते कारण होते डायक्लोफेनॅक.

डायक्लोफेनॅक म्हणजे कंबर, गुडघा, दात दुखला की घेतली जाणारी साधी वेदनाशामक गोळी, साधे इंजेक्शन. मी वैद्यकीय शिक्षण घेतले त्याच काळात ते स्वस्त झाले आणि सर्वत्र पसरले. माझ्या हाताने किती जणांना दिले असेल, मोजदाद नाही. माणसाला ते योग्य मात्रेत चालते. तेच औषध लंगडणाऱ्या बैलाला, सुजलेल्या गाईला दिले जाऊ लागले. औषध दिल्यावर थोड्याच काळात ते जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे बंद पडतात, युरिक ॲसिडचे पांढरे थर आतल्या अवयवांवर बसतात आणि दोन-तीन दिवसांत पक्षी मरतो. एका मढ्यावर गिधाडे झुंडीने जेवतात. त्यामुळे शंभरात एकापेक्षाही कमी मढ्यांत हे औषध असले, तरी सगळी जात संपायला पुरेसे होते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे भरपाई होतच नाही.

गिधाडे गेली, पण जनावरे मरायची थांबली नाहीत. मढी कुजत पडली, ओढ्याच्या पाण्यात उतरली आणि त्यांच्यावर भटकी कुत्री वाढली. गिधाडाच्या पोटातले आम्ल इतके तीव्र असते की बहुतेक जंतू तिथेच मरतात. कुत्र्याचे तसे नाही, आणि कुत्रा रेबीज वाहून नेतो. २०२४ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे भरपूर असायची आणि जिथे ती मुळात कमीच होती, अशा जिल्ह्यांची त्यांनी तुलना केली. गिधाडे गेल्यावर पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांत माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वाढला. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण तो अर्धाच खरा ठरला तरी कुठल्याही मोठ्या साथीइतका भयंकर आहे.

सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलीलिटरची आणि एकाच डोसाची करण्यात आली. २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या कीटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅकवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. २०२४ च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडे ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. म्हणजे जे औषधाच्या एका बाटलीने घालवले, ते परत आणायला पिढी लागते आहे.

बिबट्याचे उपकार

माणसाला त्रासदायक वाटणारा प्राणी नकळत काय काम करतो, याचे दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबटे राहतात आणि त्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. २०१८ मधल्या एका अभ्यासात असा हिशेब मांडला होता की, हे बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खातात, आणि त्यामुळे कुत्राचाव्याच्या सुमारे १,००० घटना टळत असाव्यात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या शिवारात झालेल्या अभ्यासातही बिबट्याच्या आहारात कुत्र्याचाच वाटा सर्वांत मोठा निघाला.

याचा अर्थ गावोगावी बिबटे सोडावेत असा नाही. कुत्र्यांना मारावे असा तर मुळीच नाही. अर्थ एवढाच की, निसर्गाच्या साखळीतली एखादी कडी निघाली की तिचे काम कुणीतरी दुसराच करू लागतो, आणि ते त्याला नीट जमेलच असे नाही. हा धोका उलट्या दिशेनेही आहे. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत मेले. त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू आढळला. हा मुख्यतः कुत्र्यांचा रोग. म्हणजे येडशीच्या कडेला फिरणारी, लस न दिलेली कुत्री माणसालाही घातक आणि वाघ-लांडग्यालाही.

आपण काय करायचे

देशात दरवर्षी सुमारे ९१ लाख माणसांना प्राणी चावतात आणि रेबीजने सुमारे ५,७०० माणसे मरतात, असा अलीकडच्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज याच्या कितीतरी पट आहे. आकडा कुठलाही घ्या, यातला जवळजवळ प्रत्येक मृत्यू टाळता येण्यासारखा असतो. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

कुत्रा, मांजर, माकड किंवा कुठलाही रानटी प्राणी चावला, ओरखडला, तर आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात या. लस मोफत आहे. आता पोटात चौदा सुया घ्याव्या लागत नाहीत. कातडीत दिली जाणारी लस पहिल्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दिली जाते. जखमेतून रक्त आले असेल तर पहिल्याच दिवशी जखमेत सीरमही भरावे लागते. दोन सुया घेऊन "आता बरं वाटतंय" म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर आमच्या हातात काहीही उरत नाही.

साप चावला तर मांत्रिकाकडे जाऊ नका, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. हातपाय हलू न देता थेट दवाखाना गाठा. रात्री रानात जाताना बूट, बॅटरी, काठी आणि शक्यतो सोबत कुणीतरी असावे. मोबाईलवर गाणी लावली तरी चालेल, माणसाचा आवाज ऐकला की जनावर बाजूला होते.

ग्रामपंचायतींनी मेलेली जनावरे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत. गावातल्या दर दहापैकी सात कुत्र्यांना जरी लस मिळाली, तरी रेबीजची साखळी तुटते, हे अनेक देशांनी करून दाखवले आहे. पशुपालकांनी जनावराला सुई देताना औषधाचे नाव विचारावे आणि डायक्लोफेनॅक असेल तर नको म्हणावे. वाघाचा माग दिसला तर बघायला गर्दी करू नका, वन विभागाला कळवा. दिवसा झुडपात झोपलेल्या वाघाला घेरून त्याचा व्हिडिओ काढणे, हीच त्याच्यापासून जखमी होण्याची सर्वांत सोपी वाट आहे.

येडशीच्या त्या गड्याने मात्र चारही सुया घेतल्या. अठ्ठाविसाव्या दिवशी तो आला तेव्हा मी सहज विचारले, "काय, वाघाची भीती गेली का?" तो म्हणाला, "वाघाचं काय न्हाई सायेब. त्यो त्याच्या वाटनं जातुया. आमची रातची लाईट तेवढी दिवसाची करा म्हनावं."

हे काम डॉक्टरचे नाही, असे मी सांगणार होतो. पण कुत्राचावा, सर्पदंश आणि वाघाची धास्ती या तिन्हींवर त्याने सुचवलेला उपाय एकच होता, आणि मला तो बरोबर वाटला.